शोधात आपण कितवे? क्रमांक मोजणाऱ्या टूलच्या नोंदी, परभणी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

कामाला आज हात घातला. ग्राहक तीन आणि तिघांचा प्रश्न एकच: "गूगलवर आपला नंबर कितवा?" एक वसमतची हळद विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी, दुसरी अंबाजोगाईजवळची फळझाडांची रोपवाटिका, तिसरं तुळजापूरचं लॉज. तिन्ही वेबसाइट मी आणि माझ्या मित्राने मिळून बांधल्या. आजवर दर महिन्याच्या सुरुवातीला मी इनकॉग्निटो विंडो उघडून एकेक शब्द टाकायचे, बोटाने मोजायचे आणि एक्सेलमध्ये आकडा भरायचे. तिन्ही साइटचे मिळून ८४ शब्द. अख्खा दिवस जातो, आणि संध्याकाळी तोच शब्द पुन्हा टाकला की सकाळचा सहावा नववा झालेला असतो. मग ग्राहकाला सांगायचा कोणता?

तयार टूल आहेत. सेमरश, एचरेफ्स, एसई रँकिंग, ॲक्यूरँकर. त्यातली दोन मी वापरली आहेत आणि मोठ्या कामाला ती खरंच चांगली आहेत. आमची अडचण वेगळी. वर्गणी डॉलरमध्ये, आणि लॉजवाल्या भाऊंचं वेबसाइटचं वर्षाचं बजेट त्यात दोन महिन्यांत संपतं. शिवाय मराठी शब्द टाकले की 'महिन्याला किती शोध' या रकान्यात बहुतेक वेळा शून्य नाहीतर नुसती रेघ येते. 'हळद खरेदी' कुणीच शोधत नाही, हे वसमतच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला कसं पटावं?

ठरलं की आपलंच छोटं टूल करायचं. कोड पायथनमध्ये, आकडे एसक्यूलाइटमध्ये साठवायचे, रोज पहाटे आपोआप चालणारा क्रॉन, आणि महिनाअखेरीस व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं एका पानाचं पत्रक.

६ ऑगस्ट

आकडे आणायचे कुठून, यावर दिवसभर बोलणं.

मित्राचं म्हणणं असं की सर्व्हरवरून गूगलला आपोआप प्रश्न टाकायचे, आलेलं पान वाचायचं आणि आपला पत्ता कितवा ते मोजायचं. शोधाच्या पत्त्याला शेवटी 'नम=१००' जोडलं की एकाच पानात शंभर निकाल येतात, म्हणजे एका शब्दाला एकच फेरी. बरेच रँक ट्रॅकर याच वाटेने चालतात.

माझी हरकत होती. आपोआप प्रश्न पाठवायला गूगलच्या नियमांत मनाई आहे, आणि ती काही आजची नाही. पूर्वी वेबपोझिशन गोल्ड नावाचं सॉफ्टवेअर होतं, वेबमास्टरांसाठीच्या सूचनांत गूगलने त्याचं नाव घेऊन ते वापरू नका असं लिहिलं होतं. २००२ मध्ये गूगलने स्वतःच सोप एपीआय दिला (एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने थेट माहिती मागायची अधिकृत वाट), दिवसाला १,००० प्रश्नांची मुभा होती, आणि लोकांनी त्यावर क्रमांक मोजायची टूल उभी केली. डिसेंबर २००६ मध्ये त्याच्या नव्या किल्ल्या (वापराचे परवाने) देणं थांबलं, २००९ मध्ये तो एपीआयच बंद झाला. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट धरली की हे होणारच.

शेवटी ठरलं ते असं: मूळ आकडे सर्च कन्सोलच्या, म्हणजे गूगल साइटमालकाला त्याच्या साइटचे आकडे दाखवतं त्या सेवेच्या, एपीआयमधून घ्यायचे. तिथे खऱ्या माणसांनी केलेल्या शोधात आपलं पान दिसलं तेव्हाच नोंद होते आणि तेव्हाचं स्थान लिहिलं जातं. तुलनेसाठी एका तयार ट्रॅकरची दोन महिन्यांची वर्गणी घेतली. ती माझ्या खिशातून, ग्राहकाच्या बिलात नाही.

७ ऑगस्ट

सर्च कन्सोल १६ महिन्यांचाच डेटा ठेवतं. म्हणजे एप्रिल २०२४ चे दिवस एकेक करून गळायला लागलेत. म्हणून टूलचं बाकी काही तयार नसताना आधी सगळं ओढून घेतलं. पडद्यावर एका तक्त्यात १,००० ओळीच दिसतात, एपीआयमधून एका मागणीत २५,००० पर्यंत मिळतात. आमच्या साइट लहान आहेत, त्यामुळे एका रात्रीत काम झालं.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची: फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खाजगीपणासाठी दाखवतच नाही. शब्दवार क्लिकची बेरीज म्हणूनच एकूण क्लिकपेक्षा कमी येते. ही चूक नाही, आणि ग्राहकाला ते आधीच सांगून ठेवायचं.

१२ ऑगस्ट

पहिलं पत्रक छापलं आणि लगेच फाडलं.

'केसर आंबा रोप' या शब्दाचं आठवड्याचं सरासरी स्थान आमच्या पत्रकात ८ आलं, सर्च कन्सोलच्या पडद्यावर १३.७. दोन तास कोड वाचला. दोनच दिवसांच्या नोंदी होत्या. एका दिवशी पान ३ वेळा दिसलं, स्थान २. दुसऱ्या दिवशी १२० वेळा दिसलं, स्थान १४. मी दोन आणि चौदाची बेरीज करून दोनाने भागलं होतं. खरं गणित असं की तीन वेळा दोन आणि एकशेवीस वेळा चौदा, म्हणजे १,६८६, आणि त्याला १२३ ने भागायचं. तेव्हा १३.७ येतं. तीन माणसांनी आपल्याला वर पाहिलं आणि एकशेवीसांनी दुसऱ्या पानावर, हे एकाच पारड्यात घातलं तर रोपवाटिकेच्या काकांना आनंद होईल, पण ते खोटं असेल.

जाता जाता आणखी एक खाच सापडली. एपीआयकडे आकडे पानवार मागितले की मोजणीची पद्धतच बदलते. एकाच शोधात आपली दोन पानं दिसली, तर साइटवार मोजणीत ते एकदाच दिसणं धरतात आणि सगळ्यात वरच्या दुव्याचं स्थान घेतात. पानवार मोजणीत दोन्ही वेगळी धरतात. मी दोन्ही प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात ओतत होते. आता तक्ते वेगळे केले.

१४ ऑगस्ट

अंबाजोगाईला जाऊन आले. रोपवाटिकेत काका खाटेवर बसलेले, हातात फोन. मी गेल्या गेल्या त्यांनी शोध टाकून दाखवला. "माझ्या फोनवर तर पहिलंच दिसायलंय की ताई! अन् तुमच्या कागदात नववं कामून लिहिलंय?"

काका खोटं बोलत नव्हते आणि कागदही खोटा नव्हता. ते रोपवाटिकेतच बसलेले. 'रोपवाटिका' शोधलं की वर नकाशासकट तीन दुकानं येतात, आणि त्या तिघांची निवड गूगल तीन गोष्टींवर करतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी. अंतर शून्य असताना आपण वर येणारच. शिवाय ते दिवसातून चारदा स्वतःचीच साइट उघडतात. लॉगइन नसलेल्यांनाही जुन्या शोधांप्रमाणे निकाल बदलून द्यायला गूगलने डिसेंबर २००९ मध्येच सुरुवात केली होती.

मग आम्ही एक प्रयोग केला. काकांचा पुतण्या केजला होता, जावई लातूरला आणि वहिनींचा (म्हणजे काकांच्या सूनबाईंचा) भाऊ परळीला. तिघांना फोन लावून सांगितलं, लोकेशन चालू ठेवा, 'फळझाडांची रोपवाटिका' टाका आणि फोटो काढून पाठवा. दहा मिनिटांत तीन स्क्रीनशॉट आले. परळीला नकाशात तिसरे, केजला नकाशात नाहीच पण खालच्या दुव्यांत चौथे, लातूरला दोन्हीकडे नाही. काका बराच वेळ तिन्ही फोटो बोटाने मोठे करून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लातूरच्या माणसाला आपण हावोतच नाही."

सर्च कन्सोल फक्त देश सांगतं. जिल्हा नाही, तालुका तर नाहीच. मराठवाड्यातला धंदा मात्र तालुक्यावर चालतो. केजचा शेतकरी रोपं न्यायला छोटा हत्ती घेऊन येईल, नागपूरचा येणार नाही. तेव्हा ठरवलं की पत्रकात एकटा आकडा छापायचा नाही. प्रत्येक क्रमांकाशेजारी गाव लिहायचं. त्यासाठी पाच गावांत पाच फोनवाले: केज, परळी, लातूर, कळंब, माजलगाव. महिन्यातून दोनदा, दहा शब्द, हाताने टाइप करून. यात यंत्र काही नाही, पण जे एपीआयमधून मिळत नाही ते यातून मिळतं.

१८ ऑगस्ट

काकांच्या पत्रकात सीताफळाची रेघ एकदम वर गेली. शून्यावर. शून्य म्हणजे पहिल्याच्याही वर! ज्या दिवशी एकदाही दिसलो नाही त्या दिवशी एपीआय ओळच देत नाही, आणि मी त्या रिकाम्या जागी शून्य भरत होते. आता नोंद नसेल तिथे काहीच भरायचं नाही. आलेखात रेघ तुटलेलीच दिसू दे.

२२ ऑगस्ट

पोळा. ऑफिस बंद, क्रॉन चालला.

२५ ऑगस्ट

आज दिवसभर जे केलं ते सविस्तर लिहून ठेवते, कारण मराठीत असं टूल करणाऱ्या कुणालाही हे भोवणार.

वसमतच्या कंपनीच्या यादीत 'हळद खरेदी करणाऱ्या कंपन्या' असा शब्द आहे. टूल सांगत होतं की या शब्दावर एकही नोंद नाही. सर्च कन्सोलच्या पडद्यावर तर तो डोळ्यांनी दिसत होता. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या, अक्षर न् अक्षर सारखं. लांबी मोजली तेव्हा एक ओळ एका खुणेने जास्त निघाली.

भानगड 'ऱ्या'मध्ये होती. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग 'या'. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडखूण, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग 'या'. 'करणाऱ्या' आणि 'करणार्‍या'. डोळ्याला एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. कंपनीची यादी जुन्या कीबोर्डवर टाइप केलेल्या वर्डच्या फाइलमधून आली होती, तिच्यात दुसरी तऱ्हा होती. लोक फोनवर टाइप करतात ती पहिली.

एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची नेहमीची पद्धत आहे, एनएफसी म्हणतात, ते इथे अर्धंच काम करतं. 'र'खाली नुक्ता (टिंब) दिलेला असेल तर त्याचा 'ऱ' करून देतं, पण अदृश्य जोडखुणेला हातही लावत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो. मग लक्षात आलं की 'बँक' आणि 'बॅंक' यांचंही तेच आहे, एकात चंद्रबिंदू, दुसऱ्यात चंद्र आणि वर अनुस्वार. 'ॲप' आणि 'अॅप' तसेच. अंकांचंही तसंच: '१ किलो हळद' आणि इंग्रजी अंकातला एक, दोन्ही येतात. असे अकरा नियम लिहिले आणि त्यांची चाचणी लिहिली. मूळ शब्द जसा आला तसाही जपून ठेवला, कारण लोक कसं लिहितात हीच माहिती आहे, ती धुऊन काढायची नाही.

रोमन लिपीचं यापुढचं. हळद हा शब्द लोक शेवटी डी लावून लिहितात, डीए लावून लिहितात, आणि हिंदी वळणाने हल्दीही लिहितात. यासाठी नियम करता येत नाही. हाताने गट केले: 'विकत घ्यायची हळद', 'विकायची हळद', 'आजचा भाव'. ८४ शब्दांचे २३ गट झाले. पत्रकात यापुढे गटाचं स्थान आणि त्याखाली लहान अक्षरात त्यातले शब्द.

२९ ऑगस्ट

वहिनींचं रजिस्टर हाती आलं. शंभर पानी वही, लाल पेनने आखलेले रकाने: तारीख, वेळ, गाव, कोणतं रोप, 'कुठून कळलं'. मार्चपासून एकही दिवस सुटलेला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून सुरू केलं. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा हे मोलाचं आहे.

ते क्लिकच्या तारखांशी जुळवायला बसले तर एकेक दिवस सरकलेला. सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतो, सध्या आपल्या दुपारी साडेबाराला त्यांची मध्यरात्र होते. वहिनींना सकाळी नऊला आलेला फोन गूगलच्या हिशेबात आदल्या दिवसाचा. शेतकऱ्यांचे फोन बहुतेक सकाळीच येतात, म्हणजे जवळपास सगळंच चुकत होतं. या एप्रिलपासून एपीआयमधून मागच्या दहा दिवसांचा तासागणिक डेटा मिळतो, तो रोज साठवायला लावला. पुढचे दिवस नीट जुळतील. मागच्यांसाठी सकाळचे फोन एक दिवस मागे ढकलून काम चालवलं.

४ सप्टेंबर

तुळजापूरच्या लॉजची शब्दांची यादी पुन्हा लिहिली. साइटवर सगळीकडे 'निवास व्यवस्था' असं लिहिलंय, मीच लिहिलं होतं. लोक टाइप करतात 'तुळजापूरला राहण्याची सोय'. बोलतात तसंच. मथळा बदलला.

जिल्ह्याच्या नावाचा प्रश्नही आहे. शहरांची नावं फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलली, जिल्ह्यांची त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. शोधात अजून दोन्ही येतात, 'उस्मानाबाद ते तुळजापूर' आणि 'धाराशिव ते तुळजापूर'. जुन्या नावाची रेघ खाली येतेय, ती आपण मागे पडलो म्हणून नाही, लोकांच्या तोंडातलं नाव बदलतंय म्हणून. दोन्ही एका गटात घातले तेव्हा एकूण स्थान जिथल्या तिथे असल्याचं दिसलं.

आणखी एक सापडलं. आमची चाळणी देवनागरी आणि रोमन सोडून बाकी सगळं कचरा म्हणून टाकत होती, आणि त्या कचऱ्यात कन्नड आणि तेलुगू लिपीतलं 'तुळजापूर' होतं. कर्नाटकातून, तेलंगणातून आईच्या दर्शनाला येणारी माणसं ती, आणि आम्ही त्यांना महिनाभर कचऱ्यात टाकत होतो. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडं निम्मी गिऱ्हाइकं तिकडचीच की." हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

९ सप्टेंबर

वसमतच्या कंपनीचं पान 'वसमत हळद भाव' या गटात तिसरं आहे. गेले चार महिने तिसरंच. संचालक दादा खूश आहेत, मी नाही. त्या गटातून रोज सगळ्यात जास्त माणसं येतात आणि एकही हळद पावडर घेत नाही, कारण ते शेतकरी आहेत, त्यांच्याकडे स्वतःचीच हळद आहे, त्यांना मोंढ्यातला आजचा भाव बघायचाय. पावडर घेणारा माणूस पुण्यात बसून 'भेसळ नसलेली हळद' शोधतो आणि तिथे आपण चौथ्या पानावर. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्या पावडरच्या पानावर एका ओळीतही नाही.

दादांना म्हटलं, भावाचं पान ठेवू या, ती शेतकऱ्याची सेवा आहे आणि शेतकरीच कंपनीचे मालक आहेत. पण पत्रकात त्याचा आकडा विक्रीच्या आकड्यांत मिसळायचा नाही. त्यांना पटलं.

१५ सप्टेंबर

तुलनेसाठी घेतलेला ट्रॅकर दोन-तीन दिवसांपासून अर्धवट. पहिल्या दहाच्या पुढचे रकाने रिकामे.

मित्राने शोधून काढलं: 'नम=१००' चालेनासं झालंय. शेपटीला जोडलं तरी दहाच निकाल येतात. शंभरापर्यंत पोचायला आता एका शब्दाला दहा फेऱ्या, म्हणजे खर्च दहापट. जगभरच्या रँक ट्रॅकरवाल्यांची धावपळ चाललीय.

१७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, दुपारी ऑफिसात.

सर्च कन्सोलमध्ये विचित्र दिसतंय. वसमतच्या साइटचं संगणकावरचं दिसणं एकदम निम्म्यावर आलं आणि त्याच दिवसापासून सरासरी स्थान सुधारलं. क्लिक जिथल्या तिथे. मोबाइलवर विशेष फरक नाही. आम्ही त्या आठवड्यात साइटला हातही लावला नव्हता.

संबंध जुळवला तो असा. शंभर निकाल एकदम मागवणारे बॉट, म्हणजे आपोआप शोध टाकणारे प्रोग्रॅम, आपलं ७० व्या, ८० व्या जागेवरचं पानही 'दिसलं' म्हणून मोजायला लावत होते. ते थांबल्यावर ती खालची दिसणी गेली, आणि खालचे आकडे गेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर येते. म्हणजे गेली काही वर्षं 'एवढ्या लोकांनी आपल्याला पाहिलं' म्हणून आम्ही ग्राहकांना जे सांगत होतो, त्यातली बरीच माणसं नव्हतीच. सहा ऑगस्टला मी लिहिलं होतं की सर्च कन्सोलमध्ये खऱ्या माणसांचीच नोंद होते. ते चुकीचं होतं. वरची ओळ खोडत नाही, तशीच राहू दे, पण ते चुकीचं होतं.

१९ सप्टेंबर

गूगलचं उत्तर आलंय, की पत्त्याला जोडायच्या या 'नम'ला आपण औपचारिक आधार देत नाही. एवढंच.

तिन्ही ग्राहकांना फोन केले. पत्रकात सप्टेंबरच्या मध्यावर एक उभी तुटक रेघ आणि शेजारी मराठीत दोन ओळी: 'इथे मोजणी बदलली. या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.' काकांना 'नंबर सुधारला' एवढंच सांगितलं असतं तर ते पेढे घेऊन आले असते, म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच फोन केला.

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना झाली, आणि पाऊस थांबायला तयार नाही. भूम-परंड्याकडे गावं पाण्यात आहेत. इथे गोदाकाठ धास्तावलेला. ऑफिसची वीज दोन दिवस नव्हती, क्रॉन चाललेला नाही.

लॉजच्या भाऊंचा फोन: "नंबराचं राहू द्या ताई. लोक रस्त्यात अडकलेत, त्यांना कळायला पाहिजे की खोल्या आहेत आणि कोणता रस्ता चालू आहे." पहिल्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात तीन ओळी टाकल्या, मराठी, कन्नड आणि तेलुगू. कन्नड त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितलं, तेलुगू एका उतरलेल्या भक्ताने. भाऊ दर दोन तासांनी रस्त्याची स्थिती कळवतात, मी फोनवरून बदलते.

२८ सप्टेंबर

जायकवाडीतून प्रचंड विसर्ग, गोदावरी पात्राबाहेर. माजलगावच्या आमच्या फोनवाल्याच्या शेतात सोयाबीन पाण्याखाली. त्याला या महिन्यात काही विचारायचं नाही.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी. चालत येणाऱ्या भक्तांमुळे भाऊंचं लॉज भरलेलं.

सप्टेंबरात वीज आल्या आल्या राहिलेले दिवस भरून घेतले होते, ते आज तपासले. टूल रोज मागचे सात दिवस पुन्हा ओढतं, कारण सर्च कन्सोलचा ताजा डेटा दोन-तीन दिवस हलत असतो. त्यामुळे वीज नसलेल्या दिवसांचंही काही गेलं नाही. तासागणिक डेटाही दहा दिवसांच्या आत होता म्हणून वाचला. तयार ट्रॅकरचे सप्टेंबरच्या मध्यावरचे अर्धवट दिवस मात्र गेले ते गेलेच, त्या घडीला बघितलं नाही तर मागे जाऊन बघता येत नाही. त्याची वर्गणी पुढे चालू ठेवली नाही.

शोधाच्या निकालांवर येणाऱ्या गूगलच्या एआय सारांशाबद्दल मित्राने विचारलं. सारांशातल्या सगळ्या दुव्यांना सर्च कन्सोल एकच स्थान देतं, आणि त्यासाठी वेगळी चाळणी नाही. तेव्हा पत्रकात त्याबद्दल काही लिहायचं नाही, फोनवाल्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसला तर तेवढी खूण करायची.

११ ऑक्टोबर

वहिनींचं रजिस्टर आणि तासागणिक क्लिक शेजारी शेजारी ठेवले, सहा आठवड्यांचे.

'केसर आंबा रोप' फोनवाल्यांच्या तपासणीत तीन गावांत नवव्याचं पाचवं झालं. ही खरी सुधारणा. फोन वाढले नाहीत. 'सीताफळ रोप किंमत', तेही रोमन लिपीत, अकराव्या-बाराव्या जागी, म्हणजे दुसऱ्या पानावर. तिथून येणाऱ्या क्लिक थोड्या, पण त्यानंतर तासाभरात वहिनींच्या वहीत फोन. गाव: केज, धारूर, कळंब. विचारणा: बालानगर (सीताफळाची जात), किती रुपये.

माणूस दुसऱ्या पानापर्यंत खाली जातोय आणि तिथून फोन करतोय, कारण किंमत कुणीच लिहिलेली नाही. आपणही नाही. काकांना फोन केला. किंमत टाकली तर शेजारचा रोपवाटिकावाला एक रुपया कमी लावेल, ही त्यांची भीती. वहिनी मागून बोलल्या, "मामंजी, दिवसातून वीसदा मी तीच किंमत सांगायले. टाकू द्या त्यांना." टाकली. रोपाच्या उंचीप्रमाणे तीन भाव, आणि 'शंभराच्या वर रोपं असतील तर फोन करा' असं खाली.

१६ ऑक्टोबर

दिवाळीआधीचं पत्रक पाठवलं. काकांच्या पानावर आता सगळ्यात वर फोनची संख्या गाववार आहे, त्याखाली पाच गावांतलं स्थान, त्याखाली शब्दांचे गट, आणि सरासरी स्थान तळाला लहान अक्षरात.

काकांचा उलटा फोन आला. नंबराचं विचारलंच नाही. म्हणाले, "धारूरहून तीन फोन आले म्हणता, मग तिथं आपला फोनवाला कामून नाही?"

बरोबर आहे. धारूरला एक माणूस बघायचा. कळंबच्या फोनवाल्याने फोन बदललाय, त्याला लोकेशन चालू करायला पुन्हा सांगायचं. वहिनींनी नव्या वहीत एक रकाना वाढवलाय, 'काय टाइप केलं होतं'. पहिल्या पानावर चार नोंदी आहेत, त्यातल्या दोन आमच्या २३ गटांपैकी एकातही बसत नाहीत. उद्या तिथून सुरुवात.